पिना काढायच्या की राहू द्यायच्या?

मागच्या अंकात मी ऑपरेशनच्या जखमेची ड्रेसिंग घरी कशी करायची ते लिहिलेलं, त्याच्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्म्याच्या वर एकाच गोष्टीचे निघाले, अंगात मारलेल्या पिना, टाके आणि क्लिपा. कुणाला त्या काढायच्या विसरल्यात, कुणाला आत राहिलेल्यांची भीती वाटते, म्हणून ह्यावेळची सगळी पानं त्यालाच देते. नव्या वाचकांसाठी परत सांगते, मी डॉक्टर नाही. बेळगावात ऑपरेशन थिएटरमध्ये ३१ वर्षं सिस्टर म्हणून उभी राहिले, ट्रेवर काय लावायचं आणि पोट शिवायच्या आधी काय काय मोजून परत घ्यायचं हे माझं काम. त्यामुळे तुमच्या पेशंटला हात लावून बघितलेला डॉक्टर जे सांगेल ते माझ्या लिहिण्याच्या वर धरा.

प्रश्न: अक्का, आमच्या सासूबाईंचा गुडघा मिरजेला बदलून आणला. वरून खाली ३२ पिना हायत, मी मोजल्या. चौदाव्या दिवशी काढा करून कार्डावर लिवलंय, पण परत मिरजेला न्यायचं म्हणजे गाडीचं भाडं आणि त्यांना तेवढा वेळ बसवत पण नाही. गल्लीतला एक कंपाउंडर म्हणतोय मी घरी येऊन पकडीनं काढतो, दोन मिन्टाचं काम. काढून घेऊ काय? आणि ह्या पिना हाडापर्यंत गेल्यात काय हो? – एक सून, कडोली

उत्तर: आधी शेवटचं, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. हाडापर्यंत काही गेलेलं नाही. वर दिसतात त्या पिना फक्त कातडीच्या आहेत, त्यांचे पाय काही मिलिमीटरच आत असतात. खालचे थर डॉक्टरांनी वेगळ्या दोऱ्यानं शिवलेले असतात आणि तो दोरा बहुतेक वेळा आपोआप विरघळतो, त्याला कुणी हात लावायचा नसतो.

आता पकडीचं. नको, अजिबात नको, आणि का नको ते नीट समजून घ्या म्हणजे कंपाउंडरला तोंडावर सांगता येईल. पिन मारताना ती मशीनमध्ये उघडी असते, दाबलं की दोन्ही बाजूंना वाकते आणि दोन्ही टोकं कातडीखाली एकमेकांकडे वळतात, वरून आपल्याला नुसता एक आडवा दांडा दिसतो पण खाली दोन आकडे असतात. पकडीनं धरून वर ओढलं की ते दोन आकडे मांसातून फाडत वर येतात. पिन काढायची वेगळी कात्री मिळते, तिच्या खालच्या चोचीला दोन दात आणि वरच्याला एक. खालचे दोन दात दांड्याखाली सरकवायचे आणि कात्री मिटायची, वरचा दात दांड्याला मधोमध खाली दाबतो, पिन इंग्रजी एम सारखी होते आणि दोन्ही पाय आपोआप बाहेरच्या बाजूला उघडून वर येतात. ओढायचं काही नसतं. पेशंटला मुंगी चावल्यासारखं होतं, जिथं खपली धरलीय तिथं जरा जास्त, सलाईनच्या कापसानं खपली भिजवून घेतली की तेही कमी. आम्ही आधी एक सोडून एक अशा काढायचो, जखमेच्या कडा सुटत नाहीत ना ते बघायचं आणि मगच उरलेल्या.

ही कात्री बेळगावात कुठल्याही सर्जनच्या दवाखान्यात असते, सिव्हिलला असते, तयार स्टराइल पाकिटातली एकदाच वापरायची पण मिळते. तेव्हा कार्ड घेऊन जवळच्या सर्जनकडे जा, मिरजेच्या डॉक्टरांना एक फोन करून बेळगावात काढून घेतो म्हणून सांगा, बहुतेक जण होच म्हणतात. पण एक अट आहे. गुडघ्याभोवती लाली वाढत असेल, पाणी किंवा पू झिरपत असेल, ताप असेल तर पिना इथं काढू नका, तसंच पेशंटला मिरजेला न्या, भाड्याचा विचार करू नका. आत नवीन सांधा बसवलाय, तिथं जंतू पोचले तर सगळं ऑपरेशन परत करायची पाळी येते. आणि पिना निघाल्या म्हणजे जखम पक्की झाली असं पण नाही, दोन-तीन आठवड्यांनी कातडीची ताकद मूळच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच आलेली असते, तीन महिन्यांनी तीनचतुर्थांश वगैरे. तोपर्यंत सासूबाईंना खाली मांडी घालून भाजी निवडायला बसवू नका हो.

दिवस जागेप्रमाणे बदलतात हेही सांगून ठेवते. डोक्यावरच्या पिना सात ते दहा दिवसांत काढतात, पोटावरच्या साधारण दहा ते चौदा, गुडघ्यासारख्या वाकणाऱ्या जागी दोन आठवडे. तोंडावर शक्यतो पिना मारतच नाहीत, बारीक दोरा घालतात आणि तो तीन ते पाच दिवसांत काढतात नाहीतर शिडीसारखे व्रण राहतात. शुगर असेल, स्टेरॉईड चालू असेल तर डॉक्टर दिवस वाढवतात.

हे सगळं एवढं लांबवून लिहितेय त्याला कारण आहे. खानापूर तालुक्यातली एक बाई, पोटाचं ऑपरेशन दुसऱ्या गावी झालेलं, आमच्याकडे आली ती ऑपरेशन होऊन दीड महिन्यानी. पिना तशाच. काहींवर कातडी चढून फक्त काळा ठिपका दिसत होता, त्या काढायला सुन्न करायचं इंजेक्शन देऊन चिरा घ्यावा लागला. मी विचारलं अक्का एवढे दिवस का थांबलात, तर तिनं पदरात बांधून आणलेला कागद दाखवला. कागद इंग्रजीत, त्याच्यावर शिक्का कन्नडमध्ये, आणि ह्यांच्या घरी मराठीशिवाय कुणाला काही वाचता येत नाही. तिला वाटलं आतल्या टाक्यांसारख्या ह्या पण विरघळतात. तिची काय चूक? तिला निघताना कुणीतरी दोन वाक्यं तिच्या भाषेत सांगायला पाहिजे होती. तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटच्या कार्डाच्या मागं मराठीत किंवा कन्नडमध्ये, जे त्यांना वाचता येईल त्यात, दोन ओळी लिहायला लागले: काय काढायचं आणि कुठल्या तारखेला, काय आत राहणार. तुम्ही पण डिस्चार्जच्या दिवशी हेच दोन प्रश्न विचारा आणि उत्तर तिथंच लिहून घ्या.

प्रश्न: मॅडम, मी उद्यमबागला लेथवर आहे, आता सीएनसी चालवतो. वडिलांचा आतड्याचा कॅन्सर होता, तेवढा भाग काढून आतडं परत जोडलं. डॉक्टर बोलले हातानं शिवलं नाही, स्टेपलर वापरला, त्या पिना आता कायम आत. मी मशीनवाला माणूस, मला झोप लागेना, गंजल्या तर? सुटल्या तर? एमआरआय काढायची वेळ आली तर? आणि हातानं का नाही शिवलं? – बी. के., अनगोळ

उत्तर: तुम्ही मशीनवाले आहात म्हणूनच तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल, फक्त कुणीतरी उघडून दाखवायला पाहिजे.

आतल्या पिना बहुतेक टायटॅनियमच्या असतात. टायटॅनियमवर हवा लागल्या लागल्या ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच त्याचं कवच, त्यामुळे शरीरातल्या खारट ओलाव्यात पण ते गंजत नाही. लोहचुंबकाला ते ओढलं जात नाही, म्हणून एमआरआय करता येतो, फक्त फॉर्म भरताना ऑपरेशन झालंय आणि आत स्टेपल आहेत एवढं लिहायचं. सीटी स्कॅनमध्ये किंवा एक्स-रेत ते पांढऱ्या मण्यांच्या माळेसारखे दिसतील, बघून घाबरू नका. वरच्या कातडीच्या पिना वेगळ्या, त्या बहुतेक स्टेनलेस स्टीलच्या असतात.

आता सुटण्याचं. आतली पिन मारली की तिचा आकार आडव्या पडलेल्या इंग्रजी बी सारखा होतो, ऑफिसातल्या स्टेपलरसारखी ती चपटी बसत नाही, आणि ह्या बी मध्येच सगळी अक्कल आहे. बी च्या दोन पोटांतून बारीक रक्तवाहिन्यांना वाट राहते, कडेच्या मांसाला रक्त मिळत राहतं आणि रक्त मिळालं तरच ते जुळून येतं. पूर्ण चपटं दाबलं असतं तर कड मेली असती. म्हणजे पिनेचं काम फक्त पहिले काही दिवस-आठवडे धरून ठेवायचं, पुढं आतडं स्वतःच जुळतं आणि पिना तिथं नुसत्या पडून राहतात, त्यांच्यावर भार राहत नाही.

तुम्हाला टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, कळतो म्हणून एक आकडा देते. जुन्या नेहमीच्या कार्ट्रिजात, म्हणजे मशीनमध्ये बसवायच्या पिना भरलेल्या पट्टीत, निळ्या रंगाची पिन उघडी असताना साडेतीन मिलिमीटर आणि मिटल्यावर दीड मिलिमीटर, हिरवी उघडी ४.८ आणि मिटल्यावर दोन. पातळ मांसाला निळी, जाड मांसाला हिरवी, रक्तवाहिनीला पांढरी अडीच मिलिमीटरची. कंपनीप्रमाणे रंग आता बदललेत पण तत्त्व तेच. जाड मांसात छोटी पिन मारली तर ती मिटतच नाही, पातळ मांसात मोठी मारली तर सैल राहून रक्त गळतं. अर्ध्या मिलिमीटरचा खेळ आहे.

आतडं जोडायचा गोल स्टेपलर असतो तो बघितला तर तुम्ही हातातून सोडणार नाही. लांब दांडा, पुढं गोल डोकं, त्याची टोपी सुटी. टोपी आतड्याच्या एका टोकात बसवतात, दांडा दुसऱ्या टोकातून आणतात, दोन्ही जुळवून मागची चावी फिरवत घट्ट करतात आणि मग लगेच मारत नाहीत, थोडं थांबतात, मांसातलं पाणी निघून ते दबायला वेळ देतात. थिएटरमध्ये त्या वेळी कुणी बोलत नाही. मग हँडल दाबलं की गोल दोन ओळी पिना एकदम बसतात आणि त्याच क्षणी आतलं गोल पातं मधलं मांस कापून वाट मोकळी करतं. मशीन बाहेर काढल्यावर त्यात मांसाच्या दोन कड्या निघतात, मेदूवड्यासारख्या, आणि त्या दोन्ही पूर्ण आहेत का हे सर्जन बोट फिरवून बघतो. मी स्वतः त्या कड्या कितीतरी वेळा ट्रेवर मांडून दाखवल्यात. कडी कुठं तुटलेली असेल तर तिथं जोड कच्चा, मग हातानं टाके घालून पक्कं करायचं. वरून पोटात पाणी भरून आतड्यात हवा सोडतात, बुडबुडे आले नाहीत तर ठीक. तुम्ही पंक्चर काढायला ट्यूब पाण्यात धरता तसंच.

हातानं का नाही, तर काही जागा अशा असतात की तिथं हात पोचत नाही, ओटीपोटात अगदी खाली गुदद्वाराजवळ आतडं जोडायचं असेल तर अरुंद जागेत सुई फिरवणं फार कठीण, तिथं ह्या मशीनमुळे कितीतरी लोकांची शौचासाठी पोटावर लावायची कायमची पिशवी वाचली. दुसऱ्या सोप्या जागी हातानं शिवलेलं पण तेवढंच चांगलं टिकतं, तिथं सर्जनचा हात ज्यात बसलाय ते.

आणि हे काही कालचं खूळ नाही. पहिला पोटाचा स्टेपलर १९०८ साली हंगेरीत बुडापेस्टला ह्युमेर हुल्टल नावाच्या सर्जननं वापरला, त्याचं वजन साडेतीन किलोच्या वर आणि जोडून तयार करायला दोन तास लागायचे. पुढं त्याच देशातल्या अलादार पेट्झनं हलका केला. मग रशियनांनी मॉस्कोत त्याची संस्थाच काढली, १९५८ साली मार्क राविच नावाचे अमेरिकन सर्जन कीव्हला गेलेले, त्यांनी तिथं फुप्फुसाच्या ऑपरेशनमध्ये तो बघितला आणि लेनिनग्राडच्या दुकानातून एक विकत घेऊन घरी नेला. त्या रशियन मशीनमध्ये एकेक पिन हातानं भरावी लागायची! अमेरिकेत भरलेली तयार कार्ट्रिज आली १९६७ च्या सुमाराला, आणि तिथून हे जगभर गेलं. तुमच्यासारखेच मशीनवर डोकं चालवणारे लोक डॉक्टरांच्या शेजारी बसले तेव्हा हे झालं, हुल्टलच्या जोडीला पण व्हिक्टर फिशर नावाचा अवजारं बनवणाराच होता.

खरी भीती गंजाची नाही, जोड गळण्याची, आणि ती पहिल्या आठवडा-दहा दिवसांची. हाताचे टाके असोत नाहीतर पिना, दोन्हीत ती असते. ताप, नाडी जलद, पोट फुगणं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, असं काही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच घेऊन जायचं. तुमच्या वडिलांना चार महिने झालेत आणि ते ज्वारीची भाकरी खातायत असं तुम्ही पत्रात खाली लिहिलंय, म्हणजे जोड बसलेला दिसतो. फक्त कॅन्सरच्या फॉलोअपची तारीख चुकवू नका, ती पिनांपेक्षा शंभर पट महत्त्वाची.

प्रश्न: पित्ताशय काढलं, रिपोर्टवर क्लिपा लावल्या असं आहे. मुलाकडे विमानानं जायचंय, सांबऱ्याच्या विमानतळावर मशीन वाजलं तर काय सांगू? – एक आजी, निपाणी

उत्तर: आजी, वाजणार नाही. पित्ताची नळी आणि तिथली रक्ताची शीर बंद करायला तीन-चार बारीक टायटॅनियमच्या क्लिपा लावतात, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठ्या, त्या आयुष्यभर तिथंच राहतात आणि काढायच्या नसतात. विमानतळाच्या मशीनला तेवढा धातू कळत नाही. समाधानासाठी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पर्समध्ये ठेवा आणि निवांत जा.

प्रश्न: सिस्टर, आम्ही चिकोडी भागातले जैन. आईचं ऑपरेशन ठरलंय. कुणीतरी सांगितलं की आतले टाके मांजराच्या आतड्याचे असतात. हे खरं आहे का? आई ऐकून जेवायची थांबली. – एक वाचक

उत्तर: मांजराचा काही संबंध नाही, नाव तेवढं कॅटगट. पण पूर्ण खोटं पण नाही, आणि तुमच्या आईंचा प्रश्न आहे म्हणून मी झाकून सांगणार नाही. कॅटगट हा दोरा मेंढीच्या नाहीतर गाईगुरांच्या आतड्याच्या थरापासून बनवतात. मी लागले तेव्हा तो सर्रास होता, पाकीट फोडलं की स्पिरिटचा वास नाकात जायचा, दोरा ओला आणि जरा ताठ. शरीर त्याला प्राण्याचा पदार्थ म्हणून पचवतं, म्हणून तो विरघळतो. रेशमाचा काळा दोरा तर तुम्हाला माहितीच आहे कशाचा.

पण गेल्या पन्नासेक वर्षांत कारखान्यात बनवलेले विरघळणारे दोरे आलेत, व्हिक्रिलचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, त्याचा धागा प्राण्यापासून बनवलेला नसतो. शरीरातल्या पाण्यानंच तो हळूहळू तुटतो, तीन आठवडे ताकद धरतो आणि साधारण ५६ ते ७० दिवसांत नाहीसा होतो. जास्त दिवस धरून ठेवायचं असेल तर पीडीएस नावाचा असतो, त्याला सहा महिने लागतात. न विरघळणारे नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन, ते पण कारखान्यातलेच.

तेव्हा ऑपरेशनच्या आधी, थिएटरच्या दारात नाही तर ओपीडीतच, सर्जनला सरळ सांगा की आम्ही जैन आहोत, प्राण्यापासून बनवलेलं काही नको. नुसतं दोऱ्याचं सांगून थांबू नका, रक्त थांबवायला जिलेटिनचा स्पंज वापरतात तो प्राण्याचा असतो, आत आधाराला लावायच्या काही जाळ्या पण प्राण्याच्या कातडीपासूनच्या असतात, हाडाला लावायचं मेण मधमाशीचं असतं. फाइलवर लिहून घ्या. मी काम केलं तिथं असं कुणी सांगितलं की आम्ही ट्रेच वेगळा लावायचो आणि एकाही सर्जननं त्याला नाक मुरडलेलं मला आठवत नाही, कारण पर्याय हाताशी असतोच. फक्त जीवावर बेतलेल्या वेळी डॉक्टरला जे लागेल ते वापरू द्यायचं की नाही हे घरात आधी बोलून ठेवा. आईंना म्हणावं जेवा आता, अशक्त अंगाची जखम लवकर भरत नाही.

प्रश्न: नातू अंगणात पडला, कपाळाला इंचभर चीर. खानापूरच्या डॉक्टरांनी टाके न घालता नुसता गम लावून पाठवला! आमच्या वेळी असं नव्हतं. टिकेल काय? आणि गमच लावायचा तर घरात फेविक्विक आहेच की, तो चालतो काय? – एक आजोबा, जांबोटी

उत्तर: आजोबा, डॉक्टरांनी बरोबर केलंय. सरळ, उथळ, रक्त थांबलेली आणि ताण नसलेली चीर असेल तर लहान मुलाला सुई न टोचता गमनं कडा जुळवणं हा चांगला उपाय आहे. पाच ते दहा दिवसांत तो खपलीसारखा आपोआप पडतो. तोपर्यंत खोबरेल, हळद, कुठलंही मलम त्याच्यावर लावू नका, तेलकट पदार्थानं गम सुटतो. पाण्याचा तांब्या डोक्यावरून ओतला तर चालेल पण घासायचं नाही, आणि नातवाला खरवडू देऊ नका.

फेविक्विक मात्र नाही. घराणं एकच आहे, सायनोॲक्रिलेट, हॅरी कूव्हर ह्या अमेरिकन केमिस्टला ते १९४२ मध्ये बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना सापडलं आणि सगळ्याला चिकटतं म्हणून त्यानं बाजूला टाकलं. पुढं व्हिएतनामच्या लढाईत जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला फवारलं गेलं. पण घरातला गम आणि जखमेचा गम ह्यात रेणूची लांबी वेगळी, घरातला मांसावर गरम होतो, भाजतो, कडक होऊन तडकतो, आणि तो स्टराइल पण नसतो. जखमेसाठीचा लांब रेणूचा प्रकार अमेरिकेत मंजूर झाला १९९८ मध्ये. तो आपल्या कामाचा, आणि तो लावायचा पण डॉक्टरनंच, आत माती-खडा राहिला नाही हे धुऊन बघितल्यावर.

आमच्या वेळी असं नव्हतं म्हणता, तर तुमच्या-आमच्या कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याला काळे मुंगळे चावायला लावून त्यांचं धड तोडायचं आणि डोकी तशीच ठेवून आतडं आत सरकवायचं असं लिहून ठेवलंय. मुंगळ्याचा जबडा म्हणजे पिनच की! मला नर्सिंगला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आलेला, आणि आजपण प्रत्येक वेळी स्टेपलर हातात घेताना ते आठवायचं.

एक मात्र लक्षात ठेवा, तुमच्या भागात कुत्री फार. कुत्रं चावलेली जखम गमनं किंवा टाक्यानं लगेच बंद करायची नसते. नळाखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची आणि तसंच उठून रेबीजच्या लशीला जायचं.

प्रश्न: माझ्या मिस्टरांच्या बिलात नुसत्या स्टेपलरचे आणि कार्ट्रिजचे एवढे पैसे लावले की ऑपरेशनच्या फीपेक्षा जास्त. खरंच एवढं लागतं का, की आमच्याकडून काढून घेतात? आणि एकाचं दुसऱ्याला वापरतात काय? – एक गृहिणी, गोकाक

उत्तर: ताई, आतले स्टेपलर महाग असतात हे खरं आहे, मशीन वेगळं आणि प्रत्येक वेळी मारायला नवीन कार्ट्रिज वेगळं, जठराच्या मोठ्या ऑपरेशनला पाच-सहा कार्ट्रिज सहज लागतात. पण तुम्हाला विचारायचा पूर्ण हक्क आहे. बॉक्सवर एमआरपी छापलेली असते आणि पाकिटावर बॅच नंबरचे चिकटवायचे स्टिकर असतात, ते पेशंटच्या फाइलला लावायचे असतात. बिलात सहा कार्ट्रिज असतील तर फाइलमध्ये सहा स्टिकर दाखवा म्हणा, आवाज न चढवता. प्लॅन केलेलं ऑपरेशन असेल तर आधीच विचारा की स्टेपलर लागणार का, किती, आणि हातानं शिवलं तर चालण्यासारखं आहे का.

परत वापरण्याचं म्हणाल तर एकदाच वापरा असं छापलेलं मशीन धुऊन दुसऱ्याला वापरणं मला कधीच पटलं नाही. सांध्यात अडकलेलं रक्त नुसत्या धुण्यानं निघत नाही, पातं बोथट होतं आणि मिटण्याचं माप हलतं. मापाचं महत्त्व मी वर अनगोळच्या भावांना सांगितलंच. मी स्वतः नोकरीच्या नवव्या-दहाव्या वर्षी एका रात्रीच्या इमर्जन्सीत हिरव्याच्या जागी निळं कार्ट्रिज भरून सर्जनच्या हातात दिलेलं, त्यांनी मारायच्या आधी खिडकीतून रंग बघितला आणि परत दिलं. ते एक शब्द बोलले नाहीत पण त्या रात्री मी घरी जाऊन रडले, आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत रंग मोठ्यानं बोलून मगच द्यायचा हा नियम मी सोडला नाही.

मशीन आहे म्हणजे चूक होत नाही असं कुणी समजू नये. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि ऑपरेशनच्या उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१९ मध्ये सांगितलं की जानेवारी २०११ ते मार्च २०१८ ह्या काळात स्टेपलर आणि पिनांबद्दल त्यांच्याकडे ४१,००० च्या वर तक्रारी आल्या, त्यात ३६६ मृत्यूंच्या होत्या. प्रत्येकात दोष मशीनचाच असं सिद्ध झालेलं नाही, पण त्यांना नियम कडक करावे लागले, २०२१ मध्ये आतल्या स्टेपलरचा धोक्याचा वर्गच वरचा केला. म्हणून पैसे वाचवायला जुनं वापरा असं मी कुणालाच म्हणणार नाही, त्यापेक्षा चांगल्या हातानं शिवलेलं बरं.

प्रश्न: मूळव्याधीचं स्टेपलर ऑपरेशन, दुखत नाही, दुसऱ्या दिवशी कामावर, अशी जाहिरात बघितली. करू का? – ट्रकचालक, संकेश्वर

उत्तर: हे ऑपरेशन खरं आहे, इटलीच्या लोंगो नावाच्या सर्जननं १९९० च्या दशकात आणलं. वरच्या बाजूची कातडी गोल कापून पिना मारतात, तिथं संवेदना कमी म्हणून दुखणं पण कमी. पण मूळव्याध परत येण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीपेक्षा जास्त आहे हे जाहिरातीत नसतं. बाहेर कोंब आलेले असतील तर ह्याचा उपयोग कमी. आधी तपासून घ्या, पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असेल तर ऑपरेशनच लागत नाही, पाणी, पालेभाजी आणि तासन्‌तास सीटवर न बसणं ह्यानं भागतं. नंतर शौचातून एखादी पिन पडली तर घाबरू नका, त्या तशाच सुटून जातात.

प्रश्न: मी वडगावचा विणकर. मुलीचं सिझेरियन होऊन सात आठवडे झाले, टाक्याच्या कोपऱ्यातून दोऱ्याचं टोक वर आलंय, बारीक, पांढरं. मागावर असं टोक दिसलं की आम्ही ओढून कापतो. ओढू काय? – एक बाप

उत्तर: ओढू नका काका. तो आतला विरघळणारा दोरा आहे, गाठीशी शरीर त्याला बाहेर ढकलतं, असं पुष्कळ बायकांना होतं. तुम्ही ओढलंत तर आतली गाठ कुठं अडकलीय ते तुम्हाला वरून दिसणार नाही, आणि हाताचे जंतू दोऱ्यावरून खाली जातील. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरकडे न्या, ते स्वच्छ कात्रीनं कातडीलगत कापतील, अर्ध्या मिनिटाचं काम. तोपर्यंत साबण-पाण्यानं धुवायचं, कोरडं टिपायचं, परकराची नाडी त्या जागेवर येऊ द्यायची नाही. भोवती लाल होऊन ठणकत असेल, पाणी येत असेल किंवा तिला ताप असेल तर मात्र आजच न्या, बाळाला दूध पाजून सोबत घेऊनच जा.